न निघालेली तिसरी संध्याकाळ

या सगळ्यातून धाकटीला मिळायची होती एक खिडकी.

खिडकी पश्चिमेची, रुंद, आतल्या बाजूला मांडी घालून बसता येईल एवढा कट्टा असलेली. तिच्यासोबत अर्थातच ती खोली, खोलीतलं लांब टेबल, टेबलावरचे उघडे दिवे, आणि त्या दिव्यांत संध्याकाळ कशी पडावी हे ठरवण्याचा हक्क. ऑफिसात तिला उजेडाची खोली म्हणत. सध्या धाकटी बसायची जिन्यालगत, कानाला फोन लावून, लोकांच्या तक्रारी ऐकत. म्हणजे जमेच्या बाजूला खिडकी, खोली, हक्क, शिवाय कानाला आराम. खर्चाची बाजू तिने कोरी सोडली होती. हिशेब मांडायला बसलेला माणूस आधी जमेची बाजू भरतो आणि नेमकी तेव्हाच त्याला चहाची तल्लफ येते, त्यातलंच हे.

ताईला मिळायची होती शांतता, कारण गेलं वर्षभर धाकटी तिच्या मागे लागली होती. आणि भाऊजींना, म्हणजे ताईच्या नवऱ्याला, मिळायची होती दुपारची झोप. तीही ऑफिसच्या वेळेत, कर्तव्य म्हणून. तिघांत पक्का हिशेब त्यांचाच होता.

ऑफिस दुसऱ्या मजल्यावर. खाली चष्म्याच्या काचा घासणाऱ्याचं दुकान. त्याच्या यंत्राची घरघर भिंतीतून जमिनीत, जमिनीतून खुर्चीत आणि खुर्चीतून पाठीत चढायची; नवा माणूस इथे आला की बोलता बोलता जांभया द्यायला लागे. धंद्याला ते पोषकच होतं. इथे एकच वस्तू बनत असे: उशाशी ठेवायचा दिवा. बटण दाबलं की तो खोलीत संध्याकाळ करायचा. भिंतीवरचा पांढरा उजेड आधी सायीसारखा व्हायचा, मग मधासारखा, मग आटत आटत नाहीसा, आणि माणूस झोपलेला असायचा. निदान खोक्यावर तसं लिहिलेलं होतं.

हा दिवा ताईने पहिल्यांदा बनवला तो विकायला नाही, नवऱ्यासाठी. भाऊजींचं झोपेशी कधी पटलंच नाही. लग्नानंतर ते रात्रभर छताकडे बघत पडायचे आणि सकाळी छताबद्दल बोलायचे. ताईने त्यांच्यासाठी एक संध्याकाळ लिहिली, म्हणजे दिवा कसा कसा मंद व्हावा याचा प्रोग्राम. भाऊजी त्याखाली झोपायला लागले, अर्ध्या डोळ्याने का होईना. मग शेजाऱ्यांनी मागितला, मग शेजाऱ्यांच्या सासूने, आणि बघता बघता दोघांनी नोकऱ्या सोडल्या. ती पहिली संध्याकाळ. पुढे तिच्यात सुधारणा होऊन दुसरी निघाली. घराघरांतल्या दिव्यांत आता ती दुसरी होती.

संध्याकाळ निघते कशी, ते सांगायला हवं, कारण गोष्ट तिथेच अडकणार आहे.

प्रोग्राममध्ये रोज काही ना काही बदल होतात. कोणी मधाचा रंग जरा लाल करतो, कोणी शेवटचा अंधार लांबवतो. स्वयंपाकघरात उकळत्या पातेल्याची चव घेत राहावी तसं. पण लोकांच्या ताटात कोणती चव वाढायची हे एकदा ठरवावं लागतं. ते ठरलं की त्या बदलावर टॅग मारायचा: ही तिसरी, हीच बाहेर जाणार. टॅग म्हणजे बरणीवरचं लेबल, दुसरं काही नाही. फक्त एक मेख आहे. लेबल आधी आपल्याच कॉम्प्युटरवर लागतं. ते बाहेरच्या सर्व्हरवर पाठवण्याची आज्ञा वेगळी द्यावी लागते. प्रोग्राम पाठवला म्हणून त्याच्यावरचं लेबल आपोआप मागोमाग जात नाही. आणि घराघरांतले दिवे रोज सकाळी सर्व्हरकडे बघतात ते फक्त लेबल वाचायला. नवं लेबल दिसलं की नवी संध्याकाळ घेतात. नाही दिसलं, की कालचीच आज.

एकदा पाठवलेला टॅग मागे घ्यायचा नाही, दुसऱ्या बरणीवर हलवायचा नाही, हा ताईचा कडक नियम. "अर्ध्या गावाकडे एक तिसरी आणि अर्ध्या गावाकडे दुसरीच तिसरी, असला तमाशा मला नको," ती म्हणायची. म्हणून पाठवण्याआधी एक शेवटची परीक्षा असे, आणि तशी परीक्षा जगात दुसऱ्या कुठल्या ऑफिसात होत असेल असं वाटत नाही. भाऊजी आतल्या काळोख्या खोलीतल्या आपल्या कॉम्प्युटरवर टॅग मारायचे, मग तिथल्याच कॉटवर नव्या संध्याकाळीखाली आडवे व्हायचे. झोप लागली तर पास. उठून, तोंड धुऊन, मगच पाठवणीची आज्ञा. झोपेच्या अलीकडे टॅग, झोपेच्या पलीकडे पाठवणी. नाहीच लागली झोप, तर टॅग पुसून टाकायचा. घरातली गोष्ट घरात.

दर वेळी ते उठायचे, पाठवायचे, मान हलवायचे. ताई म्हणायची, "अहो, लागली का?" ते म्हणायचे, "लागली गं. म्हणजे लागल्यासारखी लागली." एवढ्यावर दुसऱ्या संध्याकाळीचा संसार चालू होता.

तिसरी धाकटीची. फोनवर तक्रारी ऐकता ऐकता, दोन तक्रारींच्या मधल्या फटीत बसून तिने ती लिहिली होती. बाकी सगळं ताईचंच, पण मध्यावर एक वेगळी गोष्ट. मध आटत आला, डोळे जड झाले, की दिवा एकदम थबकायचा आणि भिंतीवर उजेडाची एक उभी, अरुंद पट्टी उमटायची. बाहेरच्या बोळात दिवा असावा आणि कुणीतरी दार किलकिलं करून आत बघावं, तशी. क्षणभर राहायची आणि दार लोटल्यासारखी मिटायची. त्यानंतरचा अंधार वेगळाच असायचा. कुणीतरी बघून गेल्यानंतरचा अंधार.

ताईला ते मुळीच पटलं नव्हतं.

"झोपत्या माणसाच्या तोंडावर कुणी मधेच उजेड मारतं का?"

"आई नाही का मारायची?"

"आई? आई कधी?"

"रोज. आपण निजलो की दार उघडून बघायची."

"काहीतरीच. मी त्याच खोलीत होते ना."

"होतीस. घोरत होतीस."

"मी घोरत नाही," ताई म्हणाली, आणि पॅकिंगच्या काकू खोक्याला चिकटपट्टी लावता लावता खोकल्या. काकूंचा खोकला हा त्या ऑफिसात मतदानासारखा होता.

शेवटी ताई वैतागून म्हणाली, "काढ बाई तुझी तिसरी. लोकांना आवडली तर उजेडाची खोली तुझी, मी इकडे बाहेर बसेन. नाही आवडली, तर पुन्हा दाराचं नाव काढायचं नाही आणि फोन सोडायचा नाही. आवडली की नाही ते तुलाच आधी कळेल. तक्रारी तूच घेतेस."

असा सौदा ठरला. जाहीर सूचना धाकटीने स्वतः लिहिली, झोकात लिहिली. 'आजपासून आपल्या खोलीत तिसरी संध्याकाळ. ही मधे एकदा थबकते. दार किलकिलं होतं, कुणीतरी आपल्याकडे पाहून जातं, आणि मग निश्चिंत झोप.'

त्या दुपारी भाऊजींनी टॅग मारला, बूट काढून जोडीने ठेवले, कॉटवर आडवे झाले. दार लागलं. खालचं यंत्र घरघरत होतं. बाहेर ताई, धाकटी आणि काकू कानोसा घेत बसल्या. नेहमी आतून कूस बदलल्याचा, उसासे टाकल्याचा आवाज येई. आज काही नाही. पुष्कळ वेळाने दार उघडलं. भाऊजींच्या गालावर उशीच्या घडीचा वळ होता आणि चेहरा लहान मुलाला गाडीतून उचलून घरात आणल्यावर असतो तसा.

"लागली?" ताई म्हणाली.

"झालं," भाऊजी म्हणाले. "पाठवली. गेली."

ते तोंड धुवायलाही गेले नाहीत. खुर्चीत बसले आणि कुणीतरी हातात दिलेला चहा धरून राहिले. धाकटीने सूचना प्रसिद्ध केली.

दुसऱ्या दिवसापासून फोन वाजायला लागले. धाकटीने पहिला उचलला तो वाजायच्या आधीच, असं काकू सांगतात. काकूंच्या सांगण्यातून थोडं वजा करायला हवं. टॅक्सी चालवणारी एक बाई म्हणाली, कितीतरी दिवसांनी मला स्वप्न पडलं, आणि त्यात मी मागच्या सीटवर बसले होते. एक शिंपी म्हणाला, जुनी संध्याकाळ ठीक होती हो, पण या नवीला अस्तर आहे. मग ते आजोबा. ते जहाजावर आचारी होते. जन्मभर समुद्रावर काढल्यामुळे त्यांची संध्याकाळ रोज वेगळ्या वेळी व्हायची आणि निवृत्त झाल्यावर होईनाशीच झाली. ते नेहमीचे तक्रारदार. दिवा फार लाल आहे, फार पिवळा आहे, बटण कडक आहे, बटण मऊ आहे.

"पोरी," आजोबा म्हणाले, "काल दार उघडलं."

"हो ना, आजोबा? दिसलं तुम्हाला?"

"दिसलं म्हणजे काय! कुणीतरी बघून गेलं. कोण ते विचारू नकोस, मी ओळखलं नाही. पण ओळखीचं होतं."

धाकटीने फोन ठेवला आणि जिन्यालगतच्या त्या टेबलावर डोकं टेकून थोडा वेळ तशीच बसली. घरघर कपाळातून आत गेली. तिला वाटलं, गावातल्या सगळ्या भिंतींवर उजेडाच्या पट्ट्या एकदम उमटताहेत आणि प्रत्येक पट्टीत आई उभी आहे, एकीकडून दुसरीकडे जाते आहे, सगळी दारं लोटत, पायातल्या सपातांचा आवाज न करता.

ताईने शब्द पाळला. आपलं सामान उचलून बाहेर आणलं, धाकटीच्या जुन्या टेबलाशी बसली आणि फोन काकूंच्या हवाली केला. काकू फोनवर "बोला" एवढंच म्हणायच्या, तेही असं की निम्मे लोक घाबरून तक्रार विसरायचे.

तर धाकटीला खिडकी मिळाली. गोष्ट इथे संपायला तिची काही हरकत नव्हती.

महिनाभराने दुरुस्तीला एक दिवा आला. त्याची बैठक फुटली होती. कुणाच्या तरी मांजरीने उशावरून ढकलला होता. धाकटीने नवी बैठक बसवली, पडदे ओढले आणि सहज बटण दाबलं. पुष्कळ दिवसांत तिने पूर्ण संध्याकाळ पाहिली नव्हती. उजेड सायीचा झाला. मधाचा झाला. टेबलावरच्या पेचकसाची सावली लांबली. ती कट्ट्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसली आणि दार उघडायची वाट बघू लागली.

दार उघडलं नाही.

मध आटला, तळाशी गेला, संपला. काळोखात ती बसून राहिली. खाली काचा घासल्या जात होत्या. मांजरीने काहीतरी तोडलं असेल, असं तिने स्वतःला सांगून पाहिलं. मग दिवा वायरीने कॉम्प्युटरला जोडून त्याच्या पोटात काय आहे ते विचारलं. दिवा म्हणाला, दुसरी.

तिने सर्व्हरवरचे टॅग पाहिले. पहिली. दुसरी. पुढे काही नाही. तिचा प्रोग्राम तिथे होता, अक्षर न् अक्षर होता, पण लेबलाविना. मागच्या फळीवर ठेवलेली बिननावाची बरणी. कुणी हात कशाला लावेल?

आणि इतके दिवस कुणाला कळलं कसं नाही? साधं आहे. परीक्षेच्या खोलीतला दिवा भाऊजींच्या कॉम्प्युटरला थेट जोडलेला. धाकटीने आपल्या घरच्या दिव्यात तिसरी हाताने भरलेली. ताई जन्मापासून उशीला डोकं लागताच झोपणारी, तिला दिवाच लागत नाही. भाऊजींच्या उशाशी अजून तो पहिलाच दिवा, सर्व्हरकडे न बघणारा. काकू म्हणतात, दिवसभर दिवे भरायचे आणि रात्री दिव्याकडे बघायचं, एवढी हौस कुणाला? म्हणजे लोकांना मिळतो तसा दिवा या घरात कुणाकडेच नव्हता.

धाकटी भाऊजींकडे गेली. ताई तेव्हा बाहेर गेली होती.

"भाऊजी, तिसरी तुम्ही पाठवलीत ना?"

"म्हणजे काय, मेहुणीबाई! माझ्या हाताने. अजून आठवतं."

"काय आठवतं?"

भाऊजी खुर्चीत मागे रेलले. त्यांचे डोळे मऊ झाले. "उठलो. पाय जमिनीला लावले, तर जमीन कोमट होती. कॉम्प्युटरसमोर बसलो. आज्ञा टाइप केली. आणि गंमत बघ, एकेक अक्षर दाबलं की मण्यासारखं खाली घरंगळायचं, टिप्, टिप्. शेवटचं बटण दाबलं. मग ते लेबल, एवढंसं, कागदाचं, पडद्यावरून सुटलं. मी फुंकर मारली. ते खिडकीतून बाहेर गेलं. मी खिडकीशी उभा राहून बघत होतो. कौलांवरून गेलं, तारांवरून गेलं, खाली काचवाला उभा होता त्याने टोपी काढली. आणि मग एकेका घरात..."

ते थांबले. बोलताना आपलंच बोलणं त्यांच्या कानावर पडत होतं.

"भाऊजी," धाकटी हळूच म्हणाली, "काळोख्या खोलीला खिडकी कुठे आहे?"

भाऊजींनी खुर्ची पुढे ओढली. मग त्यांनी स्वतःच्या कॉम्प्युटरवरचे टॅग पडद्यावर आणले. पहिली, दुसरी, तिसरी. तिसरी तिथेच होती, महिनाभर, बूट काढून जोडीने ठेवल्यासारखी. ती कधी कुठे गेलीच नव्हती.

"मी कधीच विसरलो नाही गं," ते म्हणाले. "एकदाही नाही."

"माहीत आहे."

"आता असं करू. आत्ताच पाठवून देतो. एक ओळ लिहायची. उद्या सकाळी दिवे घेतील. लोकांना वाटतंय तिसरी आहे, आता खरंच असेल. कुणाचं काय जातंय?" त्यांनी बोटं बटणांवर ठेवलीसुद्धा. "तुझी ताई मला पुन्हा त्या कॉटवर झोपू द्यायची नाही, धाकटे. एवढं लक्षात घे."

धाकटीने लक्षात घेतलं. पडदे, कट्टा, लांब टेबल, पश्चिमेचं ऊन, सगळं लक्षात घेतलं. एका ओळीत सगळं जागच्या जागी राहत होतं. ती "हो" म्हणणारच होती. तिला अडवलं ते चांगुलपणाने नाही, उगाच मोठेपणा द्यायला नको. अडवलं ते हिशेबाने. स्तुती येऊन गेली होती, मालाच्या आधीच. आता माल गुपचूप गेला तर त्यानंतर फोन कोण करणार? एकाच संध्याकाळीचं कौतुक कुणी दोनदा करत नाही. म्हणजे दार उघडलेलं लोकांना खरंच आवडतं का, हे तिला जन्मात कळणार नव्हतं. खिडकी राहिली असती. खिडकीत बसून करायचं काय, ते गेलं असतं.

"हात काढा, भाऊजी," ती म्हणाली. "ताईला येऊ दे."

ताईने सगळं उभ्याने ऐकलं. पिशवी खांद्यावर तशीच.

"म्हणजे ती सगळी स्तुती माझी," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"शिंपी, अस्तर, टॅक्सीवाली..."

"सगळे तुझे. तुझ्या दुसरीचे."

ताईच्या चेहऱ्यावर ऊन यावं तसं काहीतरी येऊ लागलं. काकूंनी चिकटपट्टी फाडायची थांबवली. मग ताईने नवऱ्याकडे पाहिलं. भाऊजी पायातल्या बुटांकडे बघत होते. ते ऊन अर्ध्या वाटेवर थांबलं.

"अहो," ती म्हणाली, "माझ्या दिव्याखाली तुम्ही कधी पाठवायला विसरला नाहीत."

भाऊजींनी एक बूट दुसऱ्याला जुळवला.

"इतकी वर्षं. 'लागल्यासारखी लागली.' मी म्हणायचे, जाऊ दे, यांची झोपच तेवढी." तिने पिशवी खाली ठेवली. "आणि हिच्या दिव्याखाली स्वप्न पडेपर्यंत झोपलात. काम स्वप्नात उरकून आलात."

लोकांनी दुसरीला तिसरी समजून डोक्यावर घेतलं होतं, आणि खऱ्या तिसरीला आजवर मिळालेला एकुलता एक दाखला म्हणजे तिचा टॅग पाठवायचा राहून गेला, हा. दोघी बहिणी समोरासमोर उभ्या, प्रत्येकीच्या हातात दुसरीचं बक्षीस.

काकूच शेवटी म्हणाल्या, "चहा टाकते. तोवर कोण हरलं ते ठरवा."

ते ठरलं नाही, पण बाकीचं ठरलं. तिसरी पाठवायची नाही. तांत्रिक अडचण काहीच नव्हती. लेबल घराबाहेर पडलंच नव्हतं. पण ताई म्हणाली, "लोकांच्या डोक्यात तिसरी येऊन गेली. त्याच नावाने आता दुसरंच काही पाठवायचं म्हणजे टॅग हलवणंच झालं. सर्व्हरवर नाही, उशीवर." म्हणून भाऊजींनी आपल्या कॉम्प्युटरवरची तिसरी पुसली. एका ओळीचं काम. त्यांनी ती पुसताना असा चेहरा केला की धाकटी दुसरीकडे बघू लागली. त्याच प्रोग्रामवर नवा टॅग मारला: चौथी. माफीची सूचना ताईने लिहिली, सरळ, बिनझोकाची: तिसरी संध्याकाळ आमच्या चुकीने आपल्यापर्यंत पोहोचलीच नव्हती, आजपासून चौथी. आणि सौद्यात जुनं कौतुक धरायचं नाही, असं ठरलं. चौथीला नवे फोन येतील ते खरे. तोवर खोली धाकटीकडे राहील, पण फोनही त्याच खोलीत जाईल.

परीक्षेचा रिवाजही बदलला. भाऊजी झोपतील, पण त्यांच्याजवळ कुणीतरी जागं बसेल, आणि पाठवणी जागा माणूस करेल. जागं कोण बसणार, हे विचारायच्या आतच ताई खुर्ची घेऊन काळोख्या खोलीत गेली. "मला झोप लागली तर?" भाऊजींनी कॉटवरून विचारलं. "त्यासाठीच आहात तुम्ही," ती म्हणाली. धाकटी दारापाशी भिंतीला टेकून उभी राहिली.

उजेड सायीचा झाला. मग मधाचा. भाऊजींचा श्वास लांबला, खोल गेला, खालच्या घरघरीत मिसळला. खोली पाण्याखाली गेल्यासारखी झाली. ताई ताठ बसली होती, हात मांडीवर, परीक्षेला बसलेल्या मुलीसारखी. मध आटत आला, थबकला, आणि समोरच्या भिंतीवर उजेडाची पट्टी उभी राहिली.

ताई वळली. तिने पाठीमागच्या खऱ्या दाराकडे पाहिलं. दार बंद होतं. तिने पुन्हा भिंतीकडे पाहिलं. पट्टी तिच्या खांद्यावरून गेली होती, गळ्यावरून, अर्ध्या गालावरून. कुणी तरी तिला बघत होतं आणि ती पहिल्यांदाच जागी होती.

पट्टी मिटली.

काळोखात खुर्ची करकरली. मग ताई कुजबुजली, "रोज यायची?"

"रोज."

"मी झोपलेली असायचे."

"तेच बघायला यायची ती. तू झोपलीस का. मी जागी आहे हे तिला ठाऊकच असायचं."

ताई "हं" म्हणाली. मग अंधारातच चाचपडत कॉम्प्युटरकडे गेली, चौथीचा टॅग पाठवला, तो सर्व्हरवर दिसतोय का ते पाहिलं, आणि धाकटीला हाताने धरून आणून तिलाही दाखवलं. कॉटवर भाऊजी आपले निवांत घोरत होते.

फोन आले. पहिल्यासारखा पाऊस नाही, थेंब थेंब. टॅक्सीवाली म्हणाली, बरं आहे, पण मला दारं उघडलेली आवडत नाहीत, दिवसभर तेच बघते. एका नर्सने नुसतं "थँक यू" म्हणून फोन ठेवला. शिंप्याला फरक कळला नाही. धाकटी कट्ट्यावर बसून सगळे ऐकायची, एका कानाने खरे आणि दुसऱ्याने खोटे वेगळे करत. आवडल्याचे थोडे जास्त भरले. ताईने खोली तिच्या नावावर पक्की केली. फोन परत घेण्याची गोष्ट मात्र दोघींनीही काढली नाही.

मग एका दुपारी आजोबांचा फोन आला.

"पोरी, ती माफीची चिठ्ठी वाचली. तुमचा काहीतरी घोळ झालाय."

"काय घोळ, आजोबा?"

"म्हणे तिसरी पोहोचलीच नव्हती. माझ्याकडे आली होती. महिनाभर होती."

"नाही हो आजोबा, ती कुणाकडेच..."

"मला सांगतेस? दार उघडायचं, माणूस आत यायचं. आत! कॉटच्या कडेला बसायचं. तुमच्या या चौथीत नुसतं दारातून बघतं आणि जातं. चांगली आहे, नाही म्हणत नाही. पण तिसरीची सर नाही." त्यांनी आवाज खाली आणला. "परत मिळेल का ती?"

धाकटीने खिडकीबाहेर पाहिलं. कौलांवर, तारांवर खरी संध्याकाळ पडत होती, कुणी न लिहिलेली.

"नाही, आजोबा," ती म्हणाली. "ती आम्ही पुसली."

तर आता बेरीज. भाऊजींची झोप शाबूत आहे, फक्त आता तिच्यावर पहारा असतो आणि पाठवणीची आज्ञा त्यांच्या हातात नाही. ते म्हणतात स्वस्तात सुटलो, आणि खरंच सुटले. ताईने आपली संध्याकाळ दिली, नवऱ्याच्या अर्ध्या डोळ्याचा इतक्या वर्षांचा मान दिला, आणि बदल्यात भिंतीवरची एक पट्टी घेतली. महिन्यातून एकदा ती काळोख्या खोलीत एकटीच बसते, तेव्हा कुणी तिला हाक मारत नाही. आजोबांनी काहीच दिलं नाही, उलट कुणी न पाठवलेली वस्तू महिनाभर वापरली. राहिली धाकटी. तिला खिडकी मिळाली, खोली मिळाली, हक्क मिळाला. आणि आता पाचवी लिहायला ती रोज त्या खिडकीत बसते, उजेडाची पट्टी थोडी रुंद करून पाहते, कॉटच्या कडेला कुणाला तरी बसवू बघते, आणि कधी न निघालेल्या त्या तिसरीची सर तिला काही केल्या येत नाही. सगळ्यांचा खर्च एकदाच झाला. तिचा अजून चालू आहे.